नाल्यावरची मेथी

१० सप्टेंबर १९६१, रविवार

माय आज नाल्यावरून रिकामी आली. टोपली उंबऱ्याशी पालथी घातली आणि तिच्यावरच बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाई. खुशालरावनं नाल्यावरची पट्टी सोडाले सांगितली. लिंबाची बाग लावून राह्यले ते तिथं."

मोर्णा नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठचा तो एक चिंचोळा तुकडा. तिथे बैलाचा नांगर वळत नाही, म्हणून खुशालरावांच्या बापानेच तो आमच्या घराकडे ठेवला होता. माय तिथे मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे पुस्तकातली कोथिंबीर, लावते. काही भाजी त्यांच्या घरी जाते आणि उरलेली टोपलीत घालून ती अकोल्याच्या जुन्या शहरात गल्लोगल्ली विकते. बाप मी लहान असतानाच गेला. मी मॅट्रिक झालो, पुढे बी.एस्सी. झालो, शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो, तो या टोपलीवर.

मी म्हणालो, "बरं झालं माय, आता घरी बस. मी कमावतो ना?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी तिला शिवीच दिली.

"टोपली उतरली का मी म्हातारी झाली, देवमन. टोपली नसन तं निंदनाले जातो मी लोकाच्या वावरात."

या वयात, हे गुडघे घेऊन, दुसऱ्याच्या वावरात वाकून निंदण करायचं! आणि ती जाईल. तिला मी ओळखतो.

आमच्या शाळेची मागची भिंत खुशालरावांच्या गल्लीला लागून आहे. दुसऱ्या तासाला माय तिथे येते. "नाल्यावरची मेथी घ्या वो बाई, नाल्यावरचा सांबार!" मी फळ्यावर लिहीत असतो आणि एक कान तिकडे असतो. हाळी मध्येच थांबली की समजायचं, गिऱ्हाईक मिळालं, टोपली खाली उतरली. पुन्हा सुरू झाली की पुढचं घर. उद्यापासून ती हाळी ऐकू येणार नाही, या विचाराने जेवण गेलं नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

डोक्यात किडा शिरला आहे. शाळेच्या कपाटात एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं, त्यात मातीशिवाय पीक घेण्याबद्दल लेख आहे. झाडाला माती लागतच नाही! माती फक्त मुळांना आधार देते आणि क्षार पुरवते. आधार विटांच्या चुऱ्याने द्यावा आणि क्षार पाण्यात विरघळवून द्यावेत. मी हेच दरवर्षी पोरांना शिकवतो, पण माझ्या डोक्यात कधी उजेड पडला नाही. जमीन नसलेल्या माणसाला याहून मोठी बातमी कोणती?

अंगण एवढंसं, त्यात दोन बाजा टाकल्या की संपलं. म्हणून मळा आडवा नाही, उभा करायचा. बांबूची चौकट बांधायची आणि तिच्यावर एकाखाली एक घासलेटचे कापलेले डबे बसवायचे. वरच्या डब्यात पाणी ओतलं की ते प्रत्येक डब्यातून झिरपत खालच्या बादलीत येईल. बादलीतलं पुन्हा वर.

"माय, तुले आता कोनाची जमीन लागत नाई," मी सांगितलं.

"मंग मेथी काय आभायात लावू?"

"हो, आभायातच."

ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. निंदणाला जायचं तिने दिवाळीपर्यंत लांबवलं आहे.

२५ सप्टेंबर, सोमवार

चौकट उभी राहिली. नत्थुजी टिनवाल्याने डबे कापून तळाला भोकं पाडून दिली. गंजू नयेत म्हणून आतून डांबर फासलं. अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट, पोटॅश मिळालं. हिराकस रंगाऱ्याकडून आणलं, लोहासाठी. माय या सगळ्याला मीठच म्हणते. "आज मीठ टाकलं का तुया भाजीत?" वस्तीतली माणसं येऊन बघतात आणि जातात. मैना, माझी बायको, या सगळ्याला मास्तरची शिडी म्हणते. शिडी तर शिडी. वर चढायलाच लावली आहे.

८ ऑक्टोबर, रविवार

सगळं मेलं. मेथीचे कोंब वर आले, दोन पानं फुटली, मग कडा जळल्या आणि माना टाकल्या. आधी डांबरावर खापर फोडलं. डांबर वाईट आहेच, ते खरवडून आता मेण लावतो आहे. पण खरा दोष पाण्याचा निघाला. आमच्या विहिरीचं पाणी खारं. हा पट्टाच खारपाणाचा. जन्मभर तेच पितो म्हणून जिभेला कळत नाही.

मग नाल्यावर विहिरीचंच पाणी घालून मेथी कशी यायची? विचार करता उत्तर सापडलं. माती तो खार पोटात घेते. इथे पोटात घ्यायला मातीच नाही, जे पाण्यात आहे ते थेट मुळाला जाऊन भिडतं.

मायला मी हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माती लय काही पोटात घेते, देवमन." मी म्हटलं तेच तर मी सांगतोय. आता मैना नगरपालिकेच्या नळावरून गोड पाणी आणणार आहे. ती कुरकुरली, पण उद्यापासून आणीन म्हणाली.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. दीक्षेला पाच वर्षं झाली. विहारात सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. मायला पाली कळत नाही, पण ती सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणते, हाळी घातल्यासारखी. मागची बायामाणसं हसली. मला मात्र भरून आलं. पाच वर्षांपूर्वी देव्हाऱ्यातले देव तिने स्वतःच्या हाताने टोपलीत घालून नदीत सोडले होते. त्याच टोपलीत दुसऱ्या दिवशी सांबार.

नवीन पेरा उगवला आहे. हिरवागार. रात्रीतून बोटभर वाढल्यासारखा वाटतो. सकाळी मी आणि माय दोघं चौकटीसमोर नुसते उभे होतो.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि आज पहिली मेथी उपटली. मुळं सुताच्या लडीसारखी पांढरीशुभ्र! मातीचा एक कण नाही. अशी मेथी अकोल्यात कोणी पाहिली नसेल. मायने जुड्या बांधल्या आणि टोपली डोक्यावर घेतली. दुसऱ्या तासाला मी कान लावून बसलो.

"नाल्यावरची मेथी घ्या वो बाई, नाल्यावरची मेथी!"

खडू हातातच राहिला. टोपली रिकामी झाली, चांगलं झालं, पण माझं समाधान झालं नाही. संध्याकाळी तिला म्हणालो, "माय, खोटं काहून सांगतं? नाल्याचा अन् आपला आता काय संबंध?"

"हाळी हाये ते, देवमन. हाळी काय शपथ असते?"

"मुसावादा. खोटं बोलनार नाई. आताच विहारात म्हनलं ना तू? अन् आपली मेथी नाल्यावरच्यापेक्षा चांगली हाये. लपवाचं काहून?"

तिने जुड्या बांधून उरलेली सुतळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "बरं. नाई बोलनार." मैना चुलीपाशी होती. ती माझ्याकडे बघत होती. बायकोला नवऱ्याचं बरोबर आहे असं सहसा वाटत नाही, त्यातलाच प्रकार.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

"मेथी घ्या वो! माह्या पोरानं पान्यात लावलेली मेथी! मातीबिगरची!"

वर्गातल्या पोरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. खोटं लिहीत नाही, छाती फुगली. हाळी खुशालरावांच्या दारापाशी थांबली. बायकांचे आवाज आले, पुष्कळ वेळ. मग हाळी पुन्हा सुरू झाली ती गल्ली संपेपर्यंत कुठेच थांबली नाही.

टोपली जवळजवळ भरलेलीच परत आली. नव्या गोष्टीला लोक बिचकतात. होईल हळूहळू.

३० नोव्हेंबर, गुरुवार

आठवडा झाला, तेच. मायला विचारलं तर म्हणते, "कडू लागते म्हनून राह्यल्या बाया." मी स्वतः कच्ची पानं चावून पाहिली. मेथी कडू लागणारच, ती काय गूळ आहे? तरी हिराकस निम्मं केलं, पोटॅशही कमी केलं. रोज चव घेतो आहे. जीभ नुसती हिरवी झाली.

मैना म्हणाली, "औषध बदलून काय होनार? पानी कोनाचं हाये?"

"नगरपालिकेचं. गोड पानी. तूच तं आनतं."

"मीच आनतो," ती म्हणाली. "तेच म्हनून राहिली."

मला तिचा रोख कळला. पण ती चुकते आहे. लोक माणसाचा विटाळ मानतात, ते मी कमी भोगलं नाही. पण भाजीचा विटाळ कोणी मानत नाही. मायची भाजी माझ्या जन्माआधीपासून त्या गल्लीत जाते, देवाच्या नैवेद्यालाही जाते. एकाही घराने कधी नाही म्हटलं नाही. पुरावा असा समोर असताना शंका घेणं बरं नव्हे. दोष औषधातच आहे.

३ डिसेंबर, रविवार

आज खुशालरावांची बायको पार्वताबाई आली होती! मळा बघायला. आमच्या वस्तीत त्या घरची बाई पहिल्यांदा आली असेल. बाई मनाने चांगली. मी मॅट्रिक झालो तेव्हा तिने मायजवळ माझ्यासाठी नवा सदरा पाठवला होता.

मी तिला सगळं दाखवलं. मैनाला म्हटलं, पाणी ओतून दाखव. मैनाने घरातल्या पिण्याच्या पितळी गुंडातून पाणी काढून वरच्या डब्यात ओतलं. पाणी झिरपत झिरपत खाली आलं, मुळं ओली होऊन चमकली. "बाई, यात फक्त आमचं पाणी आणि औषध," मी म्हणालो. "माती अजिबात नाही. जे पितं ते मूळ सरळ या पाण्यातूनच पितं."

"होय का," पार्वताबाई म्हणाली. मग ती जायला वळली. तिला विज्ञान अवघड गेलं असावं. निघताना मी सगळ्यांत मोठी जुडी तिला दिली. ओल्या मुळांनी लुगडं भिजू नये म्हणून तिने ती अंगापासून लांब धरली होती.

४ डिसेंबर, सोमवार

शाळेत जाताना खुशालरावांच्या गोठ्यापाशी काल दिलेली जुडी दिसली. सुतळीवरून ओळखली. गाय खात होती. चवीने खात होती. गाय कडू टाकून देते, म्हणजे कडूपणा नक्कीच गेला आहे.

हे लिहून आता वाचलं. पार्वताबाईने जुडी गाईला का घातली असेल, हा प्रश्न मी लिहिलाच नाही. लिहीत नाही.

२१ डिसेंबर, गुरुवार

जमलं! गेल्या आठवड्यापासून टोपली रिकामी येते आहे. औषधाचं नवं प्रमाण लागू पडलं. दुसऱ्या तासाला हाळी येते, थांबते, सुरू होते, पुन्हा थांबते. माय आता नाल्याचं नाव घेत नाही आणि पाण्याचंही नाही. नुसती "मेथी घ्या वो, मेथी!" म्हणते. ठीक आहे. ते खोटं नाही.

तिचं वय दहा वर्षांनी उतरलं आहे. काल मैनाला चिडवत होती, "तुया नवऱ्याची शिडी पाह्य, लेकी, मले आभायात नेऊन राह्यली." हेडमास्तरांना सांगितलं, त्यांनी स्नेहसंमेलनात मळा मांडायला सांगितला आहे. मी औषधाचं प्रमाण दाखवणारा तक्ता तयार करायला घेतला.

२४ डिसेंबर, रविवार

काय लिहावं.

सकाळी लवकर जाग आली. अंगणात माय चौकटीमागे बसलेली. समोर घमेल्यात चिखल. एकेक जुडी उचलत होती, माझी पांढरी स्वच्छ मुळं त्या चिखलात बुडवत होती, झटकत होती आणि टोपलीत ठेवत होती. किती दिवसांचा सराव असावा तसं.

"हे काय करून राहिली तू?" मी ओरडलो.

तिने हात थांबवला नाही. "माती लावून राह्यली."

"तुले या मेथीची लाज वाटते का? जिवाचं रान केलं मी, ते लपवाले? खोटं बोलनार नाई म्हनली होती ना?"

तेव्हा तिने वर पाहिलं. "मी कुठं बोलली, देवमन? तू म्हनला तसं केलं. नाला म्हनत नाई, पानी म्हनत नाई. मी नाई बोलली. माती बोलली."

मी घमेलं लाथेने उडवलं. चिखल भिंतीवर गेला, मैना बाहेर आली. तिने ते पाहिलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. असा आवाज मी तिचा ऐकला नव्हता.

"तुमाले खरंच समजत नाई का? मातीतून आलेली भाजी धरतीची असते. पानी कोनीबी घालो, विटाळ मातीच्या पोटात जाते. तुमी माती काढून टाकली. आता मधात कोनीच नाई. मूळ आपल्या घरचं पानी पेते, अन् ते पान त्याईच्या ताटात जाते. आपल्या हातचं पानी ते लोक पेतेत का?"

मी खाली बसलो. माती सगळं पोटात घेते. इथे पोटात घ्यायला मातीच नाही. हे वाक्य मी माझ्याच हाताने ऑक्टोबरात लिहून ठेवलं आहे.

"माती कुठली आनली?" एवढंच विचारलं.

"नाल्यावरची," माय म्हणाली. ती भिंतीवरचा चिखल हाताने निपटून परत घमेल्यात भरत होती.

३१ डिसेंबर, रविवार

आठवडाभर माय रोज माती लावून गेली, मी रोज तिकडे पाठ करून उभा राहिलो. तक्ता फाडून टाकला. आज राहवलं नाही. स्वतः चार जुड्या उपटल्या, धुतल्या, पिशवीत घातल्या, कोट चढवला आणि खुशालरावांच्या दारात गेलो.

पार्वताबाई ओट्यावर डाळ निवडत होती. "अवो मास्तर! या, बसा." ओट्याच्या खाली अंगणात बाकडं होतं, त्यावर बसलो. जुड्या तिच्यासमोर ठेवल्या. पांढरी मुळं तिच्याकडे करून.

"घ्याल का?" मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. बाई वाईट नाही, म्हणून जास्त त्रास झाला. इकडेतिकडे पाहून तिने आवाज खाली केला. "मास्तर, तुमी शिकलेले मानसं, असं काहून करता? तुमची माय चतुराबाई आनते तशी आना ना, माती लावून. मी रोज घेतो. गल्लीतल्या साऱ्या घेतात."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"मले काय समजत नाई का? मी तुमचा मळा डोयानं पाह्यला. नाल्यावर आता लिंबाची रोपं उभी हायेत, तिथं मेथी कुठून येईन? पन माती दिसली का सासूले सांगता येते, नाल्यावरची हाये म्हनून. त्याईलेबी चालते, मलेबी चालते. तुमच्या मायचंबी चालते."

मी उठलो. "बाई, मातीतच लावतो. थोडी माती द्या मग. ती पट्टी परत द्या."

ती पुन्हा डाळ निवडू लागली. जमिनीचं बोलणं तिच्या हातात नाही, हे मलाही माहीत होतं.

घरी आलो तर माय वाट बघत होती. "घेतली का?" मी नाही म्हणालो आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं. ती ऐकता ऐकता बाजेवर बसली.

"म्हंजे तिले ठाऊक हाये?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे, माय."

"मले वाटलं, मी त्याईले फसवून राह्यली." ती तळहाताकडे बघत होती. "रोज गंमत वाटे. म्हनलं, खाऊन राह्यले लेकाचे माह्या घरचं पानी, अन् पत्ता नाई. अन् त्या मले फसवू देऊन राह्यल्या होत्या."

त्यानंतर ती जेवली नाही.

२ जानेवारी १९६२, मंगळवार

काल माय गेली नाही. टोपली उंबऱ्याशी पालथी होती, पहिल्या दिवसासारखी. मी मनात म्हटलं, आता निंदण. हा मळा मीच उभा केला आणि मीच तिची टोपली उतरवली. खुशालरावांनी नुसती पट्टी घेतली होती.

आज पहाटे अंगणात पाण्याचा आवाज आला. माय जुड्या धूत होती. मुळं बोटांनी विंचरत होती, पांढरी होईपर्यंत. घमेलं चौकटीपाशी उपडं पडलं होतं. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "माय, लाव माती. मी काही म्हनत नाई." मला खरंच तसं वाटत होतं. तिची टोपली चालावी, बाकी विज्ञान खड्ड्यात जावो.

"सरक," ती म्हणाली. "उजेड अडवतं."

दुसरा तास. सातवी ब. मी फळ्यावर मुळाची आकृती काढत होतो. भिंतीपलीकडून हाळी आली.

"मेथी घ्या वो! पान्यातली मेथी! चतुराबाईच्या घरच्या पान्यातली मेथी!"

विहारात म्हणते तेवढ्या मोठ्याने. पोरं आधी हसली, मग थांबली. मी कान देऊन उभा राहिलो. खुशालरावांच्या दारापाशी आली. थांबेल असं वाटलं. पुढे गेली. त्याच्या पुढचं घर, त्याच्या पुढचं. एक खिडकी लावल्याचा आवाज आला. गल्लीच्या टोकाला जाऊन आवाज बारीक झाला. संपलं, आता ती घरी जाईल, टोपली पालथी घालेल.

मग आवाज पुन्हा मोठा होऊ लागला. ती वळली होती. त्याच गल्लीतून, त्याच दारांवरून, डोक्यावर भरली टोपली घेऊन माय परत येत होती. तास संपला, घंटा झाली, पोरं उठली. हाळी थांबली नाही.